दोन फऱ्यांमधली जागा

शब्द सापडला तो शाहूपुरीत,
रद्दीवाल्याच्या तराजूत, अठरा रुपये किलोनं,
पाठ उसवलेल्या एका वैद्यकीय कोशात.
इंटरस्कॅपिलियम.
इंटर म्हणजे मधलं. पुढचं खांद्याच्या फऱ्यांवरून आलेलं.
शेजारी बारीक टायपात : वापर विरळ.
जुन्या लॅटिनमध्येही बोटांवर मोजावा इतकाच,
आता तर कुणी लिहीत नाही.

मी लिहिला.
सोमवारी, तिसऱ्या पेशंटच्या कागदावर.
इचलकरंजीचा मागवाला. कुठं दुखतं विचारलं
तर एक हात त्यानं खांद्यावरून मागं टाकला,
दुसरा कमरेकडून वर चढवला,
आणि दोन्ही हात चार बोटं अलीकडंच थांबले.
"तितंच," म्हणाला, "जितं पोचत न्हाई तितंच."
मोठ्या डॉक्टरांनी माझ्या शब्दाखाली लाल रेघ मारली
आणि एक प्रश्नचिन्ह टांगलं,
खाटकाच्या आकड्यासारखं.

घरी येऊन अण्णांना विचारलं,
तुमच्या तालमीत ह्या जागेला काय म्हणतात?
केरबा अण्णा, चाळीस वर्षं पैलवानांची अंगं रगडलेला माणूस.
दंडातली बेटकुळी, पोटरीचा गोळा, मानेची शीर,
सगळ्याला त्यांच्याकडं नाव आहे,
तेलाची वेगवेगळी धार आहे.
ह्याला नव्हतं.
"तितली मालिश जोडीदारानं करायची,"
एवढंच बोलले, आणि तंबाखू मळत राहिले.

चुन्याची डबी बंद केल्यावर, आपणहून :
"पंच तितंच बगत्यात."

ते कुठं निघालेत मला कळलं.
मुरगूडचा हिंदुराव. चैत्रातलं मैदान.
बाविसाव्या मिनिटाला ढाक, नाहीतर घिस्सा,
अण्णांच्या सांगण्यात डाव दरवेळी बदलतो.
हौद्यातली माती बदलत नाही :
ताक, तेल, हळद, लिंबू पिऊन अशी मऊ झालेली
की चिमणी बसली तरी ठसा उठावा.
शिट्टी वाजली. पंच पाठीमागं गेला, वाकला,
आणि वर केला तो हात हिंदुरावाचा.

"टेकली न्हवती. एका फऱ्यावर हुतो मी.
मधनं उंदीर गेला असता."
पाच हजार माणसांनी पाहिलेली ती जागा
फक्त अण्णांनी पाहिलेली नाही.
आरशाकडं पाठ करून मान वळवावी
तर पाठही थोडी वळते.

आता त्यांचा उजवा खांदा धरलाय,
रोज रात्री मीच शेकते.
दोन फऱ्यांच्या बरोबर मध्ये त्यांना एक तीळ आहे,
ज्वारीच्या दाण्याएवढा, थोडा डावीकडं कललेला.
त्र्याहत्तर वर्षांत त्यांना कुणी सांगितलेला नाही.
मीही नाही.

कोशात असलं काही नसतं.
सीमा असतात : वर मानेचा शेवटचा मणका,
दोन बाजूंना दोन हाडांच्या कडा,
खाली काही नेमकं नाही.
समासात मी पेन्सिलीनं लिहायला घेतलं,
वापर : आणि दोन टिंबांशी अडले.

तेवढ्यात आई गिरणी बंद करून आली,
भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.
त्या चैत्रातल्या रात्री, न्हाणीत, कंदिलाच्या उजेडात
अण्णांची पाठ तिनंच धुतली होती.
आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं, बहुतेक भीतीनं.
मी विचारलं. होती का गं माती?

पदरानं तिनं एक भुवई पुसली,
दुसरी तशीच ठेवली,
आणि आत अण्णा जागे आहेत का याचा कानोसा घेत म्हणाली,
"आदी पानी वतलं.
मग बगितलं."